अल्झायमरचं औषध शोधायचंय? मग आधी यकृत शिका

जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन आता अल्झायमरवरच काम करायचं, असं मनाशी पक्कं केलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना मेंदूत साचणारी दोन्ही प्रथिनं, अमायलॉइड आणि टाऊ, पाठ असतात, आलोइस अल्झायमरनं १९०६ साली कुठल्या रुग्णाबद्दल सांगितलं तेही पाठ असतं. "तुमचा रेणू तोंडावाटे दिला तर यकृतातून किती वाचेल?" असं विचारलं की मात्र गाडी अडते.

माझी वाट उलटी. मी आले ती यकृतातून. पीएच.डी.ची सगळी वर्षं सायटोक्रोम पी-४५०, थोडक्यात 'सिप', या एन्झाइमांच्या मागे गेली. औषध शरीरात गेल्यावर त्याला ऑक्सिजन कोण चिकटवतं, साखरेचा तुकडा जोडून लघवीच्या वाटेला कोण लावतं, हा माझा विषय. मेंदूवाल्यांच्या गटात गेले तेव्हा मला 'लिव्हरवाली' म्हणायचे. अजूनही म्हणतात, आता जरा मायेनं.

माझं म्हणणं एवढंच आहे की रेणू मेंदूत मोकळ्या अवस्थेत (म्हणजे कशाला न चिकटलेला), पुरेशा प्रमाणात आणि पुरेसा वेळ होता, याचा पुरावा हातात नसेल तर अल्झायमरच्या प्रयोगाचा निकाल वाचताच येत नाही. यशाचाही नाही आणि अपयशाचाही नाही.

दोन अपयशं शेजारी ठेवून बघा. टॅरेनफ्लर्बिल नावाचं औषध २००८ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत पडलं. ते अमायलॉइड कापून सोडणाऱ्या गॅमा-सिक्रेटेज या एन्झाइमचं काम थोडं वळवेल आणि अमायलॉइड बीटा-४२ कमी होईल अशी कल्पना होती. पण रेणूची ताकद मुळात कमी आणि मेंदूत जेमतेम शिरकाव. मग चाचणीतून कळलं काय? कल्पना चुकली की औषध पोचलंच नाही, हे सांगता येईना. दुसरं औषध व्हेरुबेसेस्टॅट, अमायलॉइड कापणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचा, बीटा-सिक्रेटेजचा रोधक. ते मेंदूत गेलं आणि रुग्णांच्या मेंदू-मेरुद्रवातलं अमायलॉइड बीटा अर्ध्याहून बरंच खाली आलं, हे मोजून दाखवलेलं होतं. तरीही २०१७ आणि २०१८ मध्ये दोन्ही मोठ्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. आजाराच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांत तर स्मरणशक्ती औषधानं जरा खालावलीच. वाईट बातमी, पण स्वच्छ बातमी. त्या टप्प्यावर ते एन्झाइम अडवून उपयोग होत नाही, हे जगाला कळलं. पहिल्या अपयशावर पैसा गेला, दुसऱ्या अपयशातून ज्ञान मिळालं. फरक पडला तो औषध पोचल्याच्या पुराव्यानं.

पहिला महिना: जुनी औषधं उलगडा

प्रयोगाला हात लावण्याआधी एक वही घ्या आणि मान्यता मिळालेल्या जुन्या औषधांचा प्रवास लिहून काढा. प्रत्येकापुढे चारच प्रश्न: कोणतं एन्झाइम तोडतं, अर्धायुष्य (निम्मं औषध जायला लागणारा वेळ) किती, तुटल्यावर काय बनतं, आणि कोणत्या रुग्णात गणित बिघडतं. औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रकात यातलं बहुतेक सगळं असतं. फुकट मिळतं आणि कोणी वाचत नाही.

टॅक्रीनपासून सुरुवात करा. १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे अल्झायमरचं पहिलं औषध. सिप १ए२ हे एन्झाइम त्याला भराभर तोडतं, म्हणून दिवसातून चार वेळा गोळी. धूम्रपानानं हेच एन्झाइम वाढतं, त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात औषधाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या तिसऱ्या हिश्श्यावर यायचं. बायकांमध्ये या एन्झाइमचा जोर कमी, म्हणून त्यांच्या रक्तात पुरुषांपेक्षा जास्त साचायचं. गोळी तीच, डोस तोच, आणि आतली मात्रा माणसागणिक निराळी. त्यात साधारण निम्म्या रुग्णांत एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढायचं, चौथ्या हिश्श्यात ते नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीवर जायचं. ७-हायड्रॉक्सी रूपातून पुढे बनणारा क्विनोन मेथाइड हा चिकट, प्रथिनांना डसणारा रेणू त्यामागे असावा, असा संशय घेतला गेला. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासा, डोस बदला, पुन्हा तपासा. विसराळू झालेल्या माणसाला दिवसातून चारदा गोळी द्यायची आणि वर हे सगळं! शेवटी ते बाजारातून गेलं. मेंदूतलं त्याचं काम फारसं वाईट नव्हतं, ते हरलं यकृतात.

आता डोनेपेझिल, १९९६. टॅक्रीनचंच लक्ष्य, म्हणजे मेंदूतला संदेशवाहक असिटिलकोलिन तोडणारं असिटिलकोलिनेस्टरेज. पण तोंडावाटे दिलेलं जवळजवळ सगळं रक्तात पोचतं आणि अर्धायुष्य सुमारे ७० तास. सिप २डी६ आणि ३ए४ त्याला सावकाश तोडतात. तुटून बनणाऱ्या पदार्थांपैकी ६-ओ-डेसमिथाइल डोनेपेझिल हे मूळ औषधाइतकंच कामाचं असल्याचं परीक्षानळीत दिसलंय, आणि रक्तात ते मूळ औषधाच्या साधारण २० टक्के असतं. दिवसाला एक गोळी. एक दिवस राहिली तरी आभाळ कोसळत नाही. आजारी माणसाच्या घरात याची किंमत काय असते, ते मी सांगायला नको.

रिव्हास्टिग्मीन हे माझं लाडकं उदाहरण. ते यकृताच्या सिप एन्झाइमांना जवळजवळ विचारतच नाही. ज्या कोलिनेस्टरेजला अडवायचं, तेच एन्झाइम त्याला तोडतं. रक्तातलं अर्धायुष्य दीड तासाच्या आसपास, पण एन्झाइमवर कार्बामेटचा तुकडा चिकटून राहतो म्हणून परिणाम कितीतरी तास टिकतो. रक्तातली पातळी आणि परिणाम यांचे आलेख एकमेकांशी जुळत नाहीत, हे यावरून एकदा मनात बसलं की जन्मभर विसरत नाही. गॅलँटामीनमध्ये पुन्हा २डी६ आणि ३ए४. सोबत नैराश्यावरचं पॅरॉक्सेटीन चालू असेल तर २डी६ अडतं आणि गॅलँटामीनचं शरीरातलं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात वाढतं. मेमँटीन बऱ्याच अंशी जसंच्या तसं लघवीतून जातं. तिथं प्रश्न मूत्रपिंडाचा आणि लघवीच्या पीएचचा. लघवी अल्कधर्मी झाली, पीएच ८ ला गेली, की ते बाहेर पडण्याचा वेग ८० टक्क्यांनी घटतो.

पाच औषधं आणि बाहेर पडण्याच्या पाच तऱ्हा. यांची वही नीट झाली की या विषयाचा अर्धा पाया झाला.

हातानं करायचा पहिला प्रयोग

मायक्रोसोममधली स्थिरता. माझ्या गटात कोणीही आलं, पोस्टडॉक असो की उन्हाळी विद्यार्थी, सुरुवात इथूनच. मायक्रोसोम म्हणजे यकृताच्या पेशी फोडून, आधी जड भाग खाली बसवून, मग वरचा द्रव १,००,००० जी वेगानं तासभर फिरवल्यावर तळाशी बसणारे पटलांचे बारीक गोळे. सिप एन्झाइमं यातच असतात. मानवी मायक्रोसोम विकत घ्या, तेही अनेक दात्यांचे एकत्र केलेले. एकाच दात्याचे घेतले आणि नेमका तो २डी६ नसलेला निघाला, तर तुमचा आकडा म्हणजे त्या एका माणसाची गोष्ट.

कृती अशी. १०० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर, पीएच ७.४. त्यात ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, मिलिलीटरला ०.५ मिलिग्रॅम मायक्रोसोमचं प्रथिन, आणि तुमचा रेणू १ मायक्रोमोलर. रेणू मुद्दाम इतका कमी घ्यायचा, कारण एन्झाइम भरून गेलं की वेग खोटा दिसतो. ३७ अंशांवर पाच मिनिटं गरम होऊ द्या आणि मग एनएडीपीएच, म्हणजे सिपना चालवणारं इंधन, घाला, १ मिलिमोलर. घड्याळ इथून सुरू. ०, ५, १०, २० आणि ३० मिनिटांना थोडा भाग काढून बर्फगार असिटोनायट्राइलमध्ये टाका. त्या असिटोनायट्राइलमध्ये अंतर्गत मानक, म्हणजे मोजमाप ताडून बघायला ठरावीक मात्रेत घातलेला दुसरा रेणू, आधीच घातलेलं हवं. प्रथिनं दुधाळ होऊन साकळतात, सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसतात, वरचं स्वच्छ पाणी एलसी-एमएसवर, म्हणजे रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्रावर, जातं.

कागदावर हे दहा ओळींचं आहे. घोळ होतो तो आजूबाजूच्या गोष्टींत. मायक्रोसोम उणे ८० अंशांतून काढले की हातात धरून वितळवले जातात आणि बाकीची तयारी होईपर्यंत टेबलावर पडून राहतात. तसं करू नका. बाकी सगळं मांडून झाल्यावर शेवटी काढायचे, वितळले की लगेच बर्फात, आणि उरलेले पुन्हा पुन्हा गोठवायचे नाहीत. रेणू विरघळवायला वापरलेला डीएमएसओ एकूण मिश्रणाच्या ०.२ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, कारण तो स्वतःच काही सिप एन्झाइमांना अडवतो आणि तुमचा रेणू उगाच टिकाऊ दिसतो. शून्य मिनिटाचा नमुना काढताना एनएडीपीएच आणि असिटोनायट्राइल कोणत्या क्रमानं घातलं ते वहीत लिहा. नंतर भांडणं याच्यावरूनच होतात.

जोडीला तीन नळ्या हव्यातच. एक एनएडीपीएच न घातलेली. तिच्यातही रेणू कमी झाला, तर तो सिपमुळे जात नाहीये. कुठलं एस्टरेज त्याला फोडतंय, की तो नुसत्या बफरमध्येच मोडतोय, की प्लास्टिकला चिकटून बसलाय, ते शोधा. दुसरी नळी मायक्रोसोम नसलेली, म्हणजे चोर एस्टरेज आहे की बाकी दोघांपैकी कोणी, ते कळतं. तिसरीत ओळखीचं औषध, मिडॅझोलाम किंवा व्हेरापामिल, जे भराभर तुटायलाच हवं. त्या दिवशी तेही तुटलं नाही, तर बाकी आकडे बघूसुद्धा नका, प्लेट फेकून द्या. "मॅडम, बाकी सगळं छान आलंय हो," असं कोणी म्हणतं तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं.

आता गणित. शिल्लक टक्केवारीचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेसमोर मांडा, रेषेचा उतार काढा. समजा ३० मिनिटांनी २५ टक्के उरलं. म्हणजे दोन अर्धायुष्यं झाली, एक अर्धायुष्य १५ मिनिटांचं. ०.६९३ ला १५ नं भागा: मिनिटाला ०.०४६. याला ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरनं भागलं की आलं ९२ मायक्रोलीटर प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम. हा झाला अंगभूत निचरा, म्हणजे एन्झाइमांची औषध साफ करण्याची मूळ ताकद. यकृताच्या एका ग्रॅममध्ये मायक्रोसोमचं सुमारे ४० मिलिग्रॅम प्रथिन आणि किलो वजनामागे सुमारे २६ ग्रॅम यकृत धरलं, तर किलोमागे मिनिटाला ९६ मिलिलीटर. पण यकृतात रक्तच येतं मिनिटाला किलोमागे २१ मिलिलीटरच्या आसपास. येईल त्याहून जास्त रक्त तर ते साफ करू शकत नाही. म्हणून २१ गुणिले ९६, भागिले त्या दोघांची बेरीज: साधारण १७. सतरा भागिले एकवीस म्हणजे ८२ टक्के. तोंडावाटे घेतलेल्या औषधातलं शंभरातलं ८२ पहिल्याच फेरीत यकृतानं ठेवून घेतलं. प्रथिनांना चिकटलेला भाग या हिशेबात धरलेला नाही. तो धरला की आकडा बदलतो, पण रेणू कुठल्या गटात बसतो हे कळायला एवढं पुरतं.

हे गणित पहिल्या वेळी कागदावरच करा. सॉफ्टवेअरनं काढलेला आकडा एककात हजारपट चुकला तरी दिसायला तितकाच देखणा असतो.

मायक्रोसोम काय सांगत नाहीत

चांगला आकडा आला म्हणून नाचू नका. अल्डिहाइड ऑक्सिडेज हे एन्झाइम पेशीद्रवात असतं, मायक्रोसोममध्ये नाही. नायट्रोजन असलेली सपाट वलयं मेंदूच्या औषधांत फार आवडती, आणि हे एन्झाइम नेमकं त्यांच्यावर टपलेलं. त्यात कुत्र्यात ते जवळजवळ नसतंच, माणसात मात्र जोरात. म्हणजे कुत्र्यावर सुरेख चाललेला रेणू माणसात तासाभरात गडप होऊ शकतो. तुमच्या रेणूत असं वलय असेल, तर पहिल्याच आठवड्यात पेशीद्रवाबरोबरही प्रयोग करा. ग्लुक्युरॉनाइड, म्हणजे तो साखरेचा तुकडा, जोडणाऱ्या एन्झाइमांना तुकडा पुरवणारं यूडीपीजीए लागतं, आणि पटलाला भोकं पाडायला अलामेथिसिन. ते घातलं नाही तर ती एन्झाइमं झोपलेलीच राहतात. शक्य असेल तर ताज्या किंवा नीट गोठवलेल्या मानवी यकृतपेशी वापरा. आणि कृपा करून हेपजी-२ पेशींत चयापचय मोजून आणू नका. यकृताच्या कर्करोगातून आलेल्या त्या पेशींत सिप एन्झाइमं नावालाच असतात.

उंदीरही फसवतात. उंदरांच्या रक्तरसात कार्बोक्सिलएस्टरेज भरपूर, माणसाच्या रक्तरसात नाही. एस्टर असलेला रेणू उंदरात टिकला नाही म्हणून टाकून देणं आणि उंदरात चालला म्हणून माणसातही चालेल असं धरणं, दोन्ही सारखंच धोक्याचं. असे रेणू हाताळताना रक्त काढलं त्या क्षणी नळीत एस्टरेजचा रोधक हवा आणि नळी बर्फात हवी. नाहीतर औषध प्राण्यात तुटलं की तुमच्या नळीत, हे देवालाही सांगता यायचं नाही.

मेंदूतला आकडा: एकूण आणि मोकळा

"मेंदूत रक्ताच्या दुप्पट औषध सापडलं!" असं वाक्य असलेले लेख मला परीक्षणासाठी नेहमी येतात. दुप्पट म्हणजे काय, ते आकड्यांनी बघू. मेंदूत ग्रॅमला १,००० नॅनोग्रॅम, रक्तरसात मिलिलीटरला ५००. गुणोत्तर २, सगळे खूश. आता समतोल डायलिसिस करा, म्हणजे पडद्याच्या एका बाजूला मेंदूचा लगदा, दुसऱ्या बाजूला बफर, मध्ये फक्त मोकळा रेणू जाऊ शकतो. समजा रक्तरसात १० टक्के मोकळं निघालं आणि मेंदूत अर्धा टक्का. मग मोकळं औषध रक्तात ५० आणि मेंदूत ५. खरं गुणोत्तर ०.१. बाकीचं औषध मेंदूतल्या स्निग्ध पदार्थांत रुतून बसलंय, एन्झाइमपाशी फिरकणारही नाही. रेणूभार ४०० असेल तर मोकळं प्रमाण साडेबारा नॅनोमोलर. तुमच्या परीक्षानळीत अर्धा परिणाम १०० नॅनोमोलरला येत असेल, तर एकूण आकड्यावर तुम्ही पंचवीसपट पुढे आहात आणि मोकळ्या आकड्यावर आठपट मागे. उंदरात परिणाम दिसला असेल, तर तो दुसऱ्याच कशामुळे तरी आहे.

०.१ आलं की पहिला संशय पी-ग्लायकोप्रोटीनवर. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशींत बसलेला हा पंप आत आलेला रेणू परत रक्तात ढकलतो. जुलाबावरचं लोपेरामाइड हे खरंतर ओपिऑइड, पण या पंपामुळे नेहमीच्या डोसला डोक्यावर अंमल करत नाही. तुमचा रेणू या पंपाचं गिऱ्हाईक आहे का, ते पंप असलेल्या पेशींच्या थरावर दोन्ही दिशांनी वेग मोजून कळतं. रसायनशास्त्रज्ञांकडे ही माहिती लवकर पोचवा. हायड्रोजन देणारा एखादा गट झाकला किंवा आम्लारीपणा थोडा उतरवला की बऱ्याचदा काम होतं, पण रेणूंची मालिका तयार झाल्यावर सांगितलं तर कोण ऐकतं?

एक बारीक गोष्ट. प्राण्याचा मेंदू काढला की त्यात २ ते ३ टक्के जागा रक्तानं व्यापलेली असते. मेंदूत अजिबात न जाणारा रेणूही त्या रक्तामुळे 'सापडतो'. म्हणून आधी हृदयातून सलाइन सोडून रक्त धुऊन काढा किंवा हिशेबात तेवढं वजा करा. गुणोत्तर ०.०३ च्या आसपास आलं, तर तुम्ही बहुधा नुसतं रक्त मोजलंय.

अमायलॉइडचा प्रयोग सर्वांना आधी करायचा असतो. मी तो नंतर ठेवते. थायोफ्लेविन-टी हा रंग अमायलॉइडच्या तंतूंना चिकटला की ४४० ते ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात ४८० च्या आसपास झळकतो. तुमचा रेणू त्याच भागात प्रकाश शोषत असेल किंवा स्वतःच झळकत असेल, तर तंतू अडवल्याचा भास होतो. हळदीतलं कर्क्युमिन हे त्याचं नामांकित उदाहरण. शिवाय ते ७.४ पीएचला मोडतं, आतड्यात आणि यकृतात त्याला ग्लुक्युरॉनाइड जोडलं जातं, आणि रक्तात हाती फारसं लागत नाही. तरी त्यावर दरवर्षी कागदांचा ढीग पडतो. म्हणून रंगाचा प्रयोग एकट्यानं पुरावा मानू नका, शेजारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र ठेवा. आणि पेप्टाइड हेक्साफ्लुरोआयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवून, वाळवून, मगच वापरा. कुपीतलं अमायलॉइड बीटा-४२ बऱ्याचदा आधीच गोळा झालेलं असतं, आणि मग प्रत्येक कुपी वेगळा आकडा देते.

उंदरांकडे जाताना

जनुकीय उंदरांवर तीन-तीन महिने औषध देऊन पाण्याच्या टाकीत स्मरणशक्ती मोजायची, हा खर्चीक खेळ. त्याआधी थोड्या उंदरांना तोच डोस, त्याच द्रावणात, त्याच मार्गानं देऊन निरनिराळ्या वेळी रक्त आणि मेंदू मोजा. मुख्य प्रयोग संपल्यावरही शेवटच्या डोसनंतरचे नमुने ठेवा, कारण काही रेणू स्वतःचीच तोड वाढवतात आणि तिसऱ्या महिन्यातली पातळी पहिल्या दिवसाच्या मानानं बरीच खाली असू शकते. पिण्याच्या पाण्यातून औषध देत असाल, तर आजारी उंदीर किती पाणी पितात तेही मोजावं लागतं.

आणि उंदरांचे डोळे तपासा, खरंच. एसजेएल वंशाची सरमिसळ असलेल्या अल्झायमरच्या उंदरांत डोळ्याचा पडदा झिजवणारं आरडी-१ हे जनुकीय वैगुण्य फिरत असतं. आईबाप दोघांकडून ते आलं की उंदीर आंधळा. टाकीच्या भिंतीवरच्या खुणा त्याला दिसतच नाहीत, आणि कागदावर त्याची 'स्मृती गेली' अशी नोंद होते. शेपटीच्या तुकड्यावरच्या साध्या पीसीआरनं हे कळतं.

माणूस म्हातारा आहे, हे विसरू नका

अल्झायमरचा रुग्ण बहुधा पासष्टीच्या पुढचा. यकृत आकारानं घटलेलं, त्यातून वाहणारं रक्त कमी, मूत्रपिंडं थकलेली, आणि सोबत रक्तदाब, साखर, झोप, मूत्राशय यांच्या गोळ्या. सुरुवातीच्या चाचण्या मात्र तरण्याताठ्या माणसांवर. म्हणून तुमचा रेणू एकाच एन्झाइमवर अवलंबून असेल, तर मला तो आवडत नाही, कितीही देखणा असला तरी. दोन वाटांनी बाहेर जाणारा रेणू एक वाट बंद पडली तरी तेवढा साचत नाही. २डी६ तर युरोपीय वंशाच्या लोकांत ५ ते १० टक्के जणांत चालतच नाही. म्हणून कोणतं एन्झाइम किती वाटा उचलतं, ते एकेका सिपचा रोधक घालून काढायला लवकर शिका.

औषधाची गाठ दुसऱ्या औषधाशी यकृताबाहेरही पडते. मूत्राशय शांत करणाऱ्या बऱ्याच गोळ्या असिटिलकोलिनचा परिणाम अडवतात, आणि डोनेपेझिल तोच वाढवायला दिलेलं असतं. दोन्ही एकाच माणसाला चालू असलेले दिसतात. डोनेपेझिलमुळे लघवीची घाई वाढली, म्हणून दुसरी गोळी आली, असंही होतं. रुग्णांच्या नमुन्यांवर काम करणार असाल, तर नमुन्याबरोबर चालू औषधांची यादी आलीच पाहिजे, असा आग्रह धरा. यादीविना आलेला नमुना मी तरी घेत नाही.

अमायलॉइडला धरणारी प्रतिपिंडं औषध म्हणून आली, मग यकृताचं काय काम, असं हल्ली विचारतात. लेकॅनेमॅबला २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि प्रतिपिंड सिपनं तुटत नाही, हे खरं. ते पेशींत ओढलं जाऊन अमिनो आम्लांपर्यंत सुटं होतं. पण रक्तातल्या पातळीच्या एका टक्क्याहूनही कितीतरी कमी भाग मेंदूत पोचतो, म्हणजे 'किती पोचलं' हा प्रश्न उलट जास्त टोकदार झाला. मेंदूला सूज येणं किंवा बारीक रक्तस्राव होणं हा धोका एपीओई-४ या अल्झायमरची शक्यता वाढवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांत सगळ्यात जास्त, आणि त्यावर एमआरआयनं लक्ष ठेवावं लागतं. शिवाय शिरेतून दिलं जाणारं औषध सगळ्यांच्या आवाक्यात येत नाही. गोळीची गरज संपलेली नाही.

कामाची जागा निवडताना

पीएच.डी.साठी गट बघताना प्रमुखांना तीन गोष्टी विचारा. गेल्या प्राण्यांच्या प्रयोगात मेंदूतलं मोकळं औषध मोजलं होतं का? मास स्पेक्ट्रोमीटर गटाचा आहे की रांगेत उभं राहावं लागतं? नकारात्मक निकाल शेवटचा कधी छापला? तिसऱ्या प्रश्नावर चेहरा कसा होतो तेही बघा. पहिल्याचं उत्तर "ते कंपनीवाले करतात" असं आलं, तर तिथं शिकायला मिळेल, पण हे शिकायला मिळणार नाही.

शिकायच्या गोष्टींत एलसी-एमएस पहिली. यंत्र चालवता येणं वेगळं आणि शिखर खोटं कधी आहे ते ओळखणं वेगळं. रक्तरसातले फॉस्फोलिपिड तुमच्या रेणूच्याच वेळेला बाहेर पडले की संकेत दबतो आणि औषध कमी आहे असं वाटतं. हे पकडायला कोऱ्या रक्तरसाच्या अर्कात ठरावीक मात्रा घालून बघायची. दुसरी गोष्ट एन्झाइमांचं गतिशास्त्र, हातानं आलेख काढण्याइतकं. तिसरी, थोडं प्रोग्रॅमिंग, आपले आकडे आपणच बसवता येतील इतपत. अल्झायमरचं जीवशास्त्र तुम्ही वाचतच राहाल, त्याची ओढ तुम्हाला आधीच आहे.

नोकऱ्यांच्या बाजूनं सांगायचं तर या जोडीला मागणी असते. औषध कंपन्यांचे चयापचय विभाग, त्यांच्यासाठी चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा, औषधांना मान्यता देणाऱ्या संस्थांतले परीक्षक, सगळीकडे मेंदू समजणारा चयापचयवाला कमीच मिळतो. अल्झायमरची एखादी मोठी चाचणी पडली की मेंदूचे विभाग बंद होतात, हे मी पाहिलंय. तेव्हा ज्यांना फक्त एकच लक्ष्य माहीत होतं त्यांची पंचाईत झाली. ज्यांना यकृताचं काम येत होतं, ते दुसऱ्या मजल्यावर गेले आणि कामाला लागले.

मुलाखतीला जाताना वही न्या. त्या पाच औषधांची पानं, एका रेणूचा मायक्रोसोमचा आलेख, त्याखाली हातानं केलेलं गणित, आणि पानाच्या कोपऱ्यात मायक्रोसोमचा लॉट नंबर. मी तरी आधी कोपरा बघते.